ओलीस पाणमांजर

आमच्या फेरीबोटीच्या तिकीट खिडकीसमोर एक लाकडी बाक आहे. बोट उशिरा असली, आणि ती असतेच, की पर्यटक त्यावर आडवे होतात. गेल्या उन्हाळ्यात तिथे एक मुलगी डोळ्यांवर टोपी ओढून पडली होती आणि तिच्या फोनमधून माझी पणजी गात होती.

आधी वाटलं, मलाच भास होतोय. खिडकी सरकवून नीट ऐकलं. पणजीच होती. तोच घसा खरवडून निघालेला खालचा सूर, मधेच तो ओढून घेतलेला श्वास. फक्त मागे कुणीतरी पियानो टिंगटिंगवत होतं आणि त्यावर लाटांचा आवाज सोडला होता. अलास्कातल्या आमच्या बेटावरच्या लाटा असल्या लाडिक आवाजात बोलत नाहीत. तो कुठल्यातरी गरम वाळूच्या किनाऱ्यावरून उचलून आणलेला आवाज होता.

मी बाहेर जाऊन त्या मुलीला हलवलं. "काय लावलंयस हे?"

"मॉसपिलो," ती डोळे चोळत म्हणाली. "झोपेचं ॲप आहे. त्यातली ही 'उत्तरेची अंगाई' एकदम बेस्ट. मला तर अर्ध्यातच झोप लागते."

"लागेल नाहीतर काय," मी म्हणाले आणि तिला तिकीट दिलं. तिचा काय दोष? तिला जे विकलं ते तिनं घेतलं.

अंगाई म्हणे. माझ्या पणजीचे दोन भाऊ मासेमारीला गेले ते परत आले नाहीत. ती किनाऱ्यावर उभी राहिली आणि समुद्राला शिव्या घातल्या, त्याची लाज काढली, माझी माणसं परत दे म्हणाली. ते हे गाणं. आमच्या घराण्यात कुणी बुडालं तरच ते गायचं, वर्षश्राद्धाच्या मेजवानीला, सगळ्यांसमोर, एकदाच. ते सुरू झालं की गावातले आडदांड म्हातारेसुद्धा तोंडावर टोपी धरतात. आणि हे लोक त्यावर उशी घेऊन झोपतात. पणजी जिथे भावांची नावं घेते ती जागा तर त्यांनी कापूनच टाकली होती आणि तिथे नुसता पियानो भरला होता. मेलेल्यांची नावं कानावर पडली की गिऱ्हाईक जागं होत असणार.

त्यांचं चिन्ह बघायचंय? पाठीवर झोपलेलं, पोटावर पंजे ठेवलेलं एक तपकिरी पाणमांजर. आम्ही त्लिंगिट जमातीचे. आमच्यात जो बुडतो आणि सापडत नाही, त्याला पाणमांजरं नेतात. त्याला आपल्यातलाच एक करून टाकतात, मग तो झाडीतून आपल्याच माणसांच्या आवाजात हाका मारतो. लहान पोरंसुद्धा आमच्याकडे पाणमांजराचं खेळणं घेत नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीत एवढे शिकलेले लोक, पण एकालाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. गोंडस दिसलं की झालं.

माझा धाकटा भाऊ लॉइड त्याआधीच्या ऑक्टोबरात बोट घेऊन गेला होता. बोट सापडली. तो नाही.

ॲपचं हे आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आमच्या गावात काही लपून राहत असेल तर शपथ. कुणीतरी तिला दुकानात ऐकवलंच. घरी आले तर ती स्वयंपाकघरात हात मांडीवर ठेवून बसली होती. लॉइड गेल्यापासून ती माशांना धुरी द्यायच्या खोपटाकडे फिरकली नव्हती. ते काम दोघं मायलेक मिळून करायचे.

"मेजवानी ऑक्टोबरात आहे," मी म्हणाले. "अजून वेळ आहे. मी बघते त्यांच्याकडे."

"मी ते गाणं गाणार नाही."

"आई, त्याच्यासाठी दुसरं गाणं नाहीये आपल्याकडे."

"मला कळतं ते. मला शिकवतेस?" ती म्हणाली. "ते उघड्यावर पडलंय, वेरोनिका. कुणीही उठतो नि त्याच्यावर लोळतो. ते झाकल्याशिवाय मी तोंडात घेणार नाही. आणि त्या जनावराचं चित्र लावलंय त्याच्यावर. माझा पोरगा ज्यानं नेला, त्याचं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. गाणं नाही तर मेजवानीला समोर बसणारी दुसरी बाजू, आमचे सोयरे, उत्तर देणार नाहीत. उत्तर नाही तर शोक संपत नाही. आई अशीच त्या खुर्चीत बसून राहणार, वर्षानुवर्षं, आणि लॉइड झाडीतच राहणार.

हे गाणं त्यांच्या हाती लागलं कसं, ते शोधायला फार कष्ट पडले नाहीत. पूर्वी एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. माणूस वाईट नसावा, पणजीला संत्री आणून द्यायचा. तिनं त्याला गाऊन दिलं ते घराण्यातल्या पुढच्या लेकरांसाठी जपून ठेव म्हणून. तो मेला, टेप विद्यापीठात गेली, आणि विद्यापीठाला एक दिवस औदार्याचा झटका आला. त्यांनी सगळंच इंटरनेटवर टाकलं, 'सर्वांसाठी खुलं'. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल माणूस किती उदार होतो ते बघावं. त्यांच्या स्वतःच्या पार्किंगलासुद्धा पास लागतो.

मॉसपिलोशी बोलणं माझ्या मावसभावानं, डॅरेलनं, जमवून दिलं. डॅरेल मोठ्या शहरात असतो. 'सांस्कृतिक समन्वयक' असं त्याच्या कार्डावर लिहिलंय. म्हणजे कुणाला आमची एखादी गोष्ट हवी असली की हा मधे उभा राहून दोन्हीकडे दात दाखवतो. गळ्यात हस्तिदंताचा कावळा, पायात दर महिन्याला नवे बूट.

व्हिडिओवर कंपनीचा प्रेस्टन नावाचा माणूस आला. हुद्दा 'समुदाय-कथा प्रमुख'. तिशीतला, दाढी कोरलेली, मागे भिंतीवर शेवाळ उगवलेलं. खरं शेवाळ. बिचाऱ्या शेवाळालासुद्धा कामाला लावलं होतं.

"सर्वात आधी, तुमच्या दुःखाचा आम्ही आदर करतो," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

"मग गाणं काढा."

"आम्ही ऐकतोय. खरंच ऐकतोय."

"ऐकताय ना? मग काढा."

त्याच्या शेजारच्या चौकटीत वकीलबाई होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे गाणं तुमच्या कुटुंबाचं आहे असं दाखवणारं काही आहे का? नोंदणी? करार?"

"साक्षीदार आहेत."

"कसले?"

"आम्ही कावळ्याच्या बाजूचे," मी सांगितलं. "समोरचे गरुडाच्या बाजूचे. आमच्यात काहीही आपलं म्हणायचं तर मेजवानी द्यायची, समोरच्या बाजूला बोलवायचं आणि त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, हे आमचं आहे. कुणाला पटत नसेल तर त्यानं तिथेच बोलायचं. नाही बोलला आणि आम्ही दिलेली घोंगडी घेतली, म्हणजे त्यानं ते मान्य केलं. मग जन्मभर त्याला फिरता येत नाही, त्याच्या पोरांनाही नाही. गरुडाच्या बाजूच्या तीन पिढ्या त्या गाण्यासाठी घोंगड्या घेऊन बसल्यात."

"घोंगडी," वकीलबाई म्हणाल्या आणि ओठ दाबून खाली बघितलं. हसू दाबत होत्या. प्रेस्टन मात्र भारावला होता. "केवढं सुंदर!" तो म्हणाला. "डॅरेल, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? हे लोकांना आवडेल."

त्यानंतर एक पत्र आलं. गायिका हयात नाही, लेखी हक्क कुणाच्या नावावर नाही, सबब रचना सर्वांची आहे. तरीही सद्भावना म्हणून 'अंगाई'च्या खाली आमच्या जमातीचं नाव टाकण्याची कंपनीची तयारी आहे. एवढं उष्टं आमच्या पानात वाढल्याबद्दल आम्ही त्यांचे पाय धरावेत अशी अपेक्षा असावी.

डॅरेलचा फोन आला. "वेरोनिका, डोकं शांत ठेव. लाखो लोक ऐकतायत. किती नाव होतंय आपलं."

"लाखो लोक घोरतायत, डॅरेल."

"बरं ऐक, प्रेस्टनला मेजवानीला यायचंय. त्याला तुमच्यामधे बसायचंय, समजून घ्यायचंय. थोडं थेट प्रक्षेपण करेल म्हणतो."

मी त्याला जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही. फोन आपटून मी सायरसमामाकडे गेले. आमच्यात मूल आईच्या बाजूचं, बाप नेहमी समोरच्या बाजूचा, म्हणून आमच्या घरात शब्द चालतो तो मामाचा. मामा अंगणात बसून लाकडाच्या फळीवर पेन्सिलीनं काहीतरी आखत होता. मी सगळा राग ओकून टाकला. तो आखतच राहिला.

"येऊ दे," तो म्हणाला.

"काय?"

"पाहुणा येतो म्हणतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? येऊ दे. गरुडाच्या बाजूला बसव. तुझ्या आत्यांच्या शेजारी, पुढच्या रांगेत."

"मामा, तो फोन घेऊन येणार आहे. सगळं चित्रण करणार."

"मग फारच चांगलं," मामा म्हणाला. "आपल्याकडचे साक्षीदार तिकडे कुणाला दिसत नाहीत ना? हा दिसेल."

मला तेव्हा कळलं आणि मी त्याच्यासमोरच्या ओंडक्यावर बसले. "ही फसवणूक नाही का होत?"

"कशी होईल? मी इंग्रजीत बोलीन. सावकाश बोलीन. नाही पटलं तर नाही म्हण, असंही सांगीन. त्यांनी आपल्याला विचारलं होतं का?" त्यानं फळी माझ्याकडे फिरवली. पाठीवर झोपलेलं पाणमांजर होतं, पोटावर पंजे ठेवून.

मेजवानीच्या दिवशी पाऊस पडत होता, म्हणजे रोजच्यासारखाच. हॉलमध्ये एका बाजूला आम्ही, शिंपल्याच्या बटणांनी नक्षी केलेल्या घोंगड्या पांघरून. समोर गरुडाची बाजू, माझ्या आत्या, आतेभावंडं. प्रेस्टन सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सह्या केलेलं एक कार्ड आणि पाणमांजराचं चित्र असलेले स्वेटर घेऊन आला. तो एकेकाला स्वेटर वाटायला लागला, तेव्हा माझ्या मोठ्या आत्यानं तिला दिलेला दोन बोटांत धरून खुर्चीखाली टाकला, जसा मेलेला उंदीर टाकावा. त्याला वाटलं, ती जपून ठेवतेय.

मी त्याला जागेवर नेलं. "इथे बसलेला माणूस साक्षीदार असतो," मी म्हणाले. "मामा जे बोलेल ते पटलं नाही तर उभं राहून सांगायचं. कुणाला वाईट वाटणार नाही. भेट घेतली तर ते मान्य केलंत असं धरतात. तुम्हाला हे मी आधीही सांगितलंय."

"मी फक्त ऐकायला आलोय," तो म्हणाला आणि फोन तिकाटण्यावर लावला.

खरंच सांगते, ऐकायला आलेल्या माणसाइतका बहिरा माणूस मी पाहिलेला नाही.

रीत अशी की आधी दुःखाची गाणी, मग जेवण, शेवटी भेटी. मामा उठला आणि म्हणाला, आज क्रम उलटा होईल, एक भेट आधी दिली जाईल. गरुडाच्या बाजूचे दोन म्हातारे कुरकुरले. मामानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते गप्प झाले. आई पहिल्या खुर्चीत बसली होती. तिनं घोंगडी पांघरली होती, पण गाईन असं ती म्हणालेली नव्हती. मामानं तिला विचारलंही नव्हतं.

मामा आधी आमच्या भाषेत बोलला, मग इंग्रजीत. पणजीनं गाणं कसं रचलं, कुणासाठी, त्यानंतर कुणाकुणासाठी गायलं गेलं, आणि प्रत्येक वेळी समोर कोण बसलं होतं. नावं घेताना समोरचे एकेक जण "हो, माझा बाप होता", "हो, मी होते" असं म्हणत गेले. मग तो प्रेस्टनकडे वळला.

"पोरा, तुझ्या घराण्यानं हे गाणं न विचारता घेतलं. आमच्या कायद्यात, जो दुसऱ्याची वस्तू घेतो आणि परत करत नाही, त्याची खूण आम्ही धरून ठेवतो. तो येऊन चूक मान्य करेपर्यंत." त्यानं फळी वर केली. आता ती कोरून, रंगवून झाली होती. "हे तुमचं पाणमांजर. आजपासून हे आमच्याकडे ओलीस आहे. हे चित्र आता आमचं. गाणं तर आमचं होतंच. तू तुझ्या घराण्याच्या वतीनं इथे बसलायस?"

"हो, अगदी," प्रेस्टन म्हणाला. एक डोळा फोनवर होता. "कंपनीच्या वतीनं. मनापासून."

"तुला हे पटत नसेल तर आत्ता बोल."

मामानं फळी खाली ठेवली आणि एक घोंगडी त्याच्यापुढे धरली. माझं लक्ष डॅरेलकडे गेलं. तो आमच्या बाजूला शेवटच्या रांगेत होता. त्याला सगळं कळत होतं. शेवटी तोही याच घराण्यातला. एक हात वर केला असता तरी प्रेस्टन सावध झाला असता. त्याच्या पुढच्या महिन्याचे बूट त्या एका हातावर होते. डॅरेलनं माझ्या आईकडे पाहिलं. मग आल्याआल्या सगळ्यांना दिलेला माशाच्या कढणाचा वाडगा तोंडाला लावला आणि तो खाली ठेवलाच नाही. इतक्या वर्षांत घराण्यासाठी त्यानं केलेलं ते एकच काम, आणि ते मी विसरणार नाही.

प्रेस्टन उभा राहिला. "मला काय बोलू कळत नाहीये," तो म्हणाला. "मी फक्त आभार मानतो." आणि त्यानं दोन्ही हातांनी घोंगडी घेतली. सोबत ब्लूबेरीची बरणी. मग फोनकडे वळून घोंगडी खांद्यावर टाकून दाखवली. चेहऱ्यावर असं हसू, जणू त्याला नवीन जन्म मिळालाय.

गरुडाची बाजू एका आवाजात "हो" म्हणाली. त्यांनी ऐकलं होतं.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्या लोकांची लुडबुड नको. प्रेस्टनचा फोन तिथेच थरथरायला लागला. तिकडे वकीलबाई बघत असाव्यात, आणि त्यांना हसू येत नसावं. नंतर पत्रं आली, धमक्या आल्या. पण कंपनीचा हुद्देदार माणूस, कंपनीच्याच खात्यावर, हजारो लोकांसमोर 'कंपनीच्या वतीनं, मनापासून' म्हणाला होता, आणि लोकांनी ते इतक्या वेळा एकमेकांना पाठवलं होतं की पुसायला गेलं तरी पुसेना. सर्वांसाठी खुलं झालं होतं ना! शेवटी गाणं ॲपवरून गेलं. विद्यापीठानंही गुपचूप टेप आत घेतली. माफी मागायला कुणी आलं नाही, तेवढा कणा त्यांच्यात नव्हता. त्यांनी चिन्हच बदललं. आता चंद्राची कोर आहे. मामाला दाखवली तर तो खोकेपर्यंत हसला, कारण आमच्या जुन्या गोष्टीत आभाळात चंद्र आणून सोडला तो कावळ्यानंच. पाणमांजराची फळी धुराच्या खोपटात उलटी टांगली आहे, धूर खात.

तर, हॉलमध्ये. फोन थरथरत होता आणि चित्रण चालूच होतं.

"आता ते बंद कर," मामा प्रेस्टनला म्हणाला.

"पण आता तर गाणं होणार ना? लोक त्याचीच वाट बघतायत."

"गाणं आमचं आहे. आत्ताच मान्य केलंस."

प्रेस्टननं खांद्यावरच्या घोंगडीकडे पाहिलं, मग समोरच्या पाणमांजराकडे, मग पडद्यावर भराभर वर सरकणाऱ्या ओळींकडे. त्याचा रंग उतरत गेला. मोठी आत्या त्याच्या शेजारून उठली, तिनं तिकाटणं उचललं आणि फोनसकट त्याच्या मांडीवर आडवं ठेवलं. "बस, बाळा," ती म्हणाली. "साक्षीदार आहेस. नीट बस."

त्यानं फोन बंद केला.

आई उठली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. हॉलच्या मधोमध येऊन ती पावसाकडच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली, आणि पणजी जिथून सुरू करते तिथून तिनं सुरू केलं. पियानो नाही, लाटा नाहीत. आवाज फाटत होता, सुरात नव्हता, आणि समुद्राला ती नको नको ते बोलत होती. वर्षभर ती माझ्याशीही इतकं बोलली नव्हती.

मग ती जागा आली. त्यांनी कापलेली. आई थांबली, श्वास ओढून घेतला, आणि पणजीच्या दोन्ही भावांची नावं घेतली. त्यांच्यामागे तिसरं. लॉइडचं, आमच्या भाषेतलं, जे मामानं त्याला पाळण्यात असताना दिलं होतं. ती ते तीनदा म्हणाली, दर वेळी मोठ्यानं, झाडीतल्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, आणि समोरच्या सगळ्या आत्या एकदम उभ्या राहून तिला उत्तर द्यायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती खोपटात गेली आणि तिनं धूर घातला.

ती नावं मी इथे लिहिणार नाही. ऐकायची असतील तर यावं लागतं, समोर बसावं लागतं, आणि घोंगडी घ्यावी लागते.